माँटेसरी की खेळातून शिकवणारी बालवाडी?

तीन वर्षांच्या मुलाकडून अ-आ-इ गिरवून घेणाऱ्या शाळा तुम्ही आधीच बाजूला सारल्या असतील, तर शेवटी हे दोनच पर्याय हातात उरतात. आमच्या घरात दोन्ही झाले. थोरली बालवाडीत गेली, धाकटा माँटेसरीत, म्हणजे मूल ठरावीक साधनं घेऊन आपल्या गतीने काम करतं अशा शाळेत.

नाटकी खेळात बालवाडी सरस, यात मला शंका नाही. ‘तू पेशंट हो, मी सुई देते, पण रडायचं नाही हं!’ असं म्हणताना थोरली नियम ठरवत होती, तो पाळत होती आणि समोरच्याला पटवतही होती. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं मूल पेशंट झालं की निमूट पडून राहतं. भाषा तर अशा खेळात भराभर वाढते. माँटेसरीत याला जागा कमी. तिथल्या गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जातात. त्यांची आगगाडी करायला घेतली, तर बहुतेक ताई हळूच थांबवतात. मला ते आजही थोडं खटकतं.

पण साधनांमागचा विचार पक्का आहे. लाकडी ठोकळ्यातल्या लहानमोठ्या खाचांत त्या-त्या मापाचे दट्टे बसवायचे असतात; एखादा चुकीच्या खाचेत बसवला की शेवटी एक उरतोच, मग चूक कुणी दाखवावी लागत नाही. खरकागदाची अक्षरं बोटाने गिरवायची असतात, कारण या वयात पेन्सिलीवरची पकड अजून बसलेली नसते. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असल्याने धाकटी थोरल्यांचं बघून शिकतात.

माझा कौल मात्र एका वेगळ्याच गोष्टीने फिरला, ती म्हणजे घंटा. थोरली एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतत बसायची. सांडलं की पुसायची, पुन्हा ओतायची. धार नेमकी तोंडात पडू लागली की घंटा व्हायची, ‘चला, आता गाणी!’ भांडी उचलली जायची. गाणी रंगली की खाऊची घंटा. शिकवणाऱ्या ताई मायाळू होत्या, खेळही छान होते, पण सकाळचे असे तुकडे पडायचे. घरी ती काहीही अर्धवट टाकून उठू लागली. कारण हेच असेल असं छातीठोक सांगत नाही, पण धाकट्यात तसं दिसलं नाही. चांगल्या माँटेसरीत जवळपास तीन तास सलग मिळतात. १९०७ मध्ये रोममध्ये पहिली माँटेसरी शाळा सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींनी दट्ट्यांत रमलेल्या एका मुलीला खुर्चीसकट उचलून पाहिलं होतं, तरी तिचं काम थांबलं नव्हतं. तशी तंद्री लागायला आधी वेळ लागतो, आणि ती मोडायला एक हाक पुरते.

मूल एकटं असेल, सवंगडी मिळत नसतील, तर बालवाडीचं पारडं जड होऊ शकतं. शिवाय माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, पाटी कुणीही लावू शकतं. म्हणून साधनांच्या कपाटापेक्षा वेळापत्रक आधी मागा, आणि शक्य असेल तर कोपऱ्यात बसून, रमलेल्या मुलांना किती वेळा उठवतात ते बघा. घंटा न वाजवणारी बालवाडी सापडली, तर तीही जरूर घ्या. आम्हाला सापडली नाही. भातुकली घरी मांडता येते, धाकट्यासाठी आम्ही रोज मांडतो. पण बरोबरीच्या मुलांत बसून मिळणारे ते सलग तीन तास घरी कुठून आणायचे?