व्हीएम की कंटेनर? प्रॉक्समॉक्सवरचे आठ महिने

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच मशीनवर (होस्टवर) अनेक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, आणि हलके कंटेनर चालवणारी सिस्टीम; आत चालणारा प्रत्येक म्हणजे गेस्ट. माझं मशीन: सहा कोर, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई डिस्क. आठ महिन्यांत सीपीयू कधीच कमी पडला नाही. अडलं ते रॅमवर, आणि त्याहून जास्त डिस्कवर.

एखादी सिस्टीम दोन दिवस हाताळून बघायची तर रोजच्या कॉम्प्युटरवरच व्हीएम चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स पुरे. विंडोज होस्टवर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हीएम यंत्रणा) चालू असेल तर खालच्या पट्टीत कासव दिसतं, आणि गेस्टचा वेगही त्याला शोभेसाच होतो. चोवीस तासांच्या कामाला ते नको.

प्रॉक्समॉक्समधला एलएक्ससी कंटेनर होस्टचाच लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) वापरतो. त्यामुळे रिकामा डेबियन लिनक्स शंभर एमबी रॅमच्या आत बसतो. डीएनएस, वेब सर्व्हर, गिट सगळं इथेच ठेवावं. डोकेदुखी सुरू होते होस्टचा फोल्डर आत जोडताना. अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर मर्यादित अधिकारांच्या) कंटेनरमधला १००० नंबरचा युजर होस्टवर १०१००० असतो. फोल्डरची मालकी होस्टवर त्या नंबरला दिली नाही, तर आत फाइली 'नोबडी'च्या नावावर दिसतात आणि लिहायला गेलं की परवानगी नाकारली जाते. प्रिव्हिलेज्ड करून टाकणं सोपं, पण मग आतला रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणजे होस्टचाच रूट. डॉकर (अ‍ॅप्स त्याच्या स्वतःच्या कंटेनरांत चालवणारं साधन) मात्र सरळ व्हीएममध्ये टाका. अपग्रेडनंतरची कटकट वाचते.

विंडोज ११ लिनक्स कर्नलवर चालत नाही, त्यामुळे त्याला व्हीएमशिवाय पर्याय नाही. यूईएफआय (आधुनिक बूट फर्मवेअर) आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप, इथे आभासी) सुरुवातीलाच जोडा. डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी कंट्रोलरवर) ठेवली की इन्स्टॉलरमध्ये डिस्कची यादी कोरी येते. घाबरू नका, व्हर्टआयओची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून 'व्हीआयओस्कझी' फोल्डरमधला ड्रायव्हर लोड करा.

सीपीयूचा प्रकार डीफॉल्टवर सोडला तर गेस्टला एव्हीएक्स (सीपीयूच्या काही खास सूचना) मिळत नाही, आणि मोंगोडीबी ५.० हा डेटाबेस उठायलाच नकार देतो. मशीन एकच असेल तर लिनक्स गेस्टला 'होस्ट' निवडा.

आता डिस्क. एलव्हीएम-थिनवर (लिहिलं तेवढीच जागा पूलमधून, म्हणजे सामायिक साठ्यातून घेणाऱ्या पद्धतीवर) १ टीबीच्या जागेत २०० जीबीचे सहा गेस्ट खुशाल बनतात. पूल भरला की सगळ्यांचंच लिहिणं एकदम बंद! गेस्टमध्ये फाइली उडवल्या तरी जागा परत येत नाही. डिस्कला 'डिस्कार्ड'ची खूण हवी आणि आत ट्रिम (रिकामी जागा परत करण्याचं काम) चालायला हवं. कंटेनरचं ट्रिम होस्टवरूनच करावं लागतं. जुने स्नॅपशॉटही (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी) हीच जागा धरून बसतात. शिवाय ते त्याच डिस्कवर असल्यामुळे डिस्क गेली की तेही गेले, म्हणून बॅकअप वेगळ्या मशीनवर घ्या.