लेबलवर ७५ सी, आत १३०० ची जुनी बॅटरी : नाशिकमधल्या आरसीवाल्यांनी (रिमोटवर विमानं उडवणाऱ्यांनी) प्लीज वाचा

जानेवारीत मी फास्ट आरसी विमानासाठी नाशिकरोडच्या एका माणसाकडून मोटर-बॅटरीचा सेकंडहँड सेट घेतला आणि साडेसोळा हजाराला गेलो. पैशाचं दुःख आहेच, पण तोच माणूस अजून विकतोय, आणि बारावी झालेली पोरं पॉकेटमनी साठवून त्याच्याकडे जातायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सेट असा होता, १८०० केव्हीची ब्रशलेस मोटर (केव्ही म्हणजे लोड नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), ६० अँपिअरची ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोल करणारं सर्किट), ६ बाय ५.५ चा प्रॉप (पंखा, इंचात व्यास आणि पिच) आणि ४ सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी), लेबलवर ठळक ७५ सी (सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट). १३,६०० रुपये. नाशिकरोडला त्याच्या घरी गेलो तर त्याने टेबलावर मोटर क्लॅम्प करून वॉटमीटर लावून फुल थ्रॉटल दिला, ३८ अँपिअर, १५.४ व्होल्ट, म्हंजे ५८५ वॅट. मी मोबाइलमध्ये शूट पण केलं. म्हणाला, "दादा, १७०-१८० चा स्पीड कुठेच गेला नाही." आणि हिशोब खोटा नव्हता बरं का, ५.५ पिच म्हणजे एका फेऱ्यात साडेपाच इंच पुढे, २१ हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) धरले की ताशी १७६ किलोमीटर येतात, हवेचा विरोध वगैरे सोडून. मग म्हणाला टेस्टची बॅटरी माझी स्वतःची आहे, तुम्हाला नवी देतो, आणि आतल्या खोलीतून पॅक करून आणली. मी उघडून बघितलीसुद्धा नाही. इथेच चुकलो.

आम्ही गिरणारेच्या पुढे मित्राच्या मळ्यात उडवतो, शेजारी द्राक्षबाग आहे. पहिल्याच फ्लाइटला विमान सुटलं पण चढेना, फुल थ्रॉटल दिला की चार-पाच सेकंदांत मोटर बसायची, थ्रॉटल खाली घेतला की परत चालू. कसंबसं उतरवलं. बॅटरी हाताला चटका बसेल इतकी गरम. त्याला फोन केला तर एका सेकंदात उत्तर तयार, "दादा, तुमचं विमान जड आहे, मोटर कमी पडतेय, २४०० केव्हीची घ्या, प्रॉप तोच ठेवा." घेतली. २,९०० रुपये अजून. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की केव्ही जास्त म्हणजे स्पीड जास्त.

दुसऱ्या फ्लाइटला जेमतेम अर्धा मिनिट झाला असेल, मोटर तर बसलीच पण रिसीव्हरही बंद पडला, कारण त्याचा करंट त्याच बॅटरीतून येतो. विमान सरळ बागेत. अँगलवर आदळून एक पंख तारेत लोंबत होता, बॅटरी उशीसारखी फुगलेली आणि तिला तो गोडसर केमिकल वास येत होता. छाटणीची माणसं बागेत नव्हती हे नशीब, ताशी शंभरने येणारं विमान माणसाला लागलं असतं तर काय, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ओझरला एचएएलमधून (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) रिटायर झालेले एक काका आमच्यासोबत उडवतात. त्यांनी आधी मला झापलं, "अरे, मोटर बदलायच्या आधी लोडवर व्होल्टेज तरी बघायचं ना!" मग बॅटरी पेटलीच तर म्हणून मातीची कुंडी शेजारी ठेवून, लांबून, जुनी १८०० ची मोटर त्याच बॅटरीवर पाच सेकंद चालवली. २२ अँपिअर आणि ११.६ व्होल्ट, आणि लगेच ईएससीने पॉवर तोडली. २५५ वॅट, म्हणजे व्हिडिओतल्या निम्मेही नाहीत. मग काकांची स्वतःची ४ सेल २२०० लावली, बाकी काही बदललं नाही, तर ३७ अँपिअर, १५.२ व्होल्ट. मोटर पहिल्यापासून चांगली होती!

आता ७५ सी चा अर्थ बघा, २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, २.२ गुणिले ७५ म्हणजे १६५ अँपिअर द्यायला पाहिजेत. ही २२ वर बसली, म्हणजे १० सी. चार्जरवर इंटर्नल रेझिस्टन्स (बॅटरीचा आतला विरोध, जितका कमी तितका चांगला) बघितला तर ५२, ५५, ५४ आणि ६८ मिलीओहम, काकांच्या बॅटरीचे सगळे सेल ५ च्या आसपास. चारही सेल मिळून २२९ मिलीओहम, २२ अँपिअरला पाच व्होल्ट बॅटरीच्या आतच उष्णता होऊन जातात, मग प्रॉपला काय मिळणार.

काट्यावर ठेवली तर १६३ ग्रॅम. या साइजची खरी बॅटरी सव्वादोनशे ग्रॅमच्या वरच भरते. काकांनी नखाने निळ्या कव्हरची कड उचलली, आणि खालून दुसरं कव्हर निघालं, काळं, घासलेलं, त्यावर १३०० छापलेलं. नवं लेबल जुन्या बॅटरीवर चढवलं होतं, बस.

आणि त्याने दिलेला मोटरचा सल्ला तर सरळ धोक्याचा होता. तोच प्रॉप ठेवून केव्ही १८०० वरून २४०० केली की आरपीएम सव्वापटीच्या वर जातात, पण पॉवर आरपीएमच्या घनाने वाढते, म्हणजे जवळपास २.४ पट. चांगल्या बॅटरीवर ३८ चे ९० अँपिअर झाले असते आणि ६० ची ईएससी हवेत जळाली असती. केव्ही वाढवली की प्रॉप लहान करावाच लागतो, मोटर, प्रॉप, बॅटरी हे तिघं वेगवेगळे विकतच घेता येत नाहीत हो, एक बदललं की दोघांचा हिशोब परत मांडायचा.

त्याला काळ्या कव्हरचा फोटो पाठवला. म्हणाला, तुम्ही बॅटरी वापरून खराब केली. वापरून रेझिस्टन्स वाढतो हे खरं आहे आणि त्यामुळे माझे आकडे तो मान्य करणार नाही हेही कळतं, पण वापरून २२०० चे १३०० छापले जात नाहीत ना. मग ब्लॉक केलं. बिल त्याने दिलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओ जोडून.

त्यामुळे कोणी सेट घेत असाल तर जी बॅटरी घरी नेणार तीच मीटरवर लावून बघा, टेस्टवाली नको. छोटा वजनकाटा खिशात ठेवा. सेलनुसार रेझिस्टन्स तिथेच बघा, आणि पहिल्या चार्जिंगच्या आधीच, म्हणजे "तुम्ही खराब केली" म्हणायला जागा राहत नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजरोडच्या एका पोराने मला त्याच टेबलाचा, त्याच क्लॅम्पचा फोटो पाठवला, दादा घेऊ का म्हणून. मी म्हटलं, त्याला सांग रविवारी गिरणारेला ये, मीटर आणि काटा आम्ही आणतो, तिथेच पैसे देऊ. विकणाऱ्याने आधी हो म्हटलं, काट्याचं ऐकल्यावर म्हणाला सेट विकला गेला. फोटो अजून तसाच आहे, किंमत पाचशेने उतरवलीय.