लसचाचण्यांचे आकडे वाचायला शिकवणारी कार्यशाळा : सांगलीतील दोन दिवसांचा अनुभव

विश्रामबाग परिसरातील एका सभागृहात डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांच्यासाठी लसचाचण्यांचे सांख्यिकीय निष्कर्ष कसे वाचावेत, या विषयावर नुकतीच दोन दिवसांची सशुल्क कार्यशाळा झाली. मी लहान मुलांचा डॉक्टर असल्यामुळे ‘ही लस किती टक्के लागू पडते?’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. त्यावर आजवर मी देत असलेले उत्तर चूक नसले तरी अर्धवट होते, हे पहिल्याच सत्रात लक्षात आले आणि माझ्या मते शुल्क तिथेच वसूल झाले.

जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) हा विषय अनेक वर्षे शिकवलेल्या मार्गदर्शक बाईंनी सुरुवातीला फळ्यावर केवळ दोन आकडे लिहिले : ७१ आणि ७६. रोटाव्हॅक या भारतीय लसीच्या दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे झालेल्या चाचणीत लस मिळालेल्या बाळांमध्ये रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबाचे ७१, तर प्लासिबो (लसीसारखी दिसणारी पण लस नसलेली मात्रा) मिळालेल्या बाळांमध्ये ७६ प्रसंग नोंदले गेले. तेव्हा लस उपयोगी ठरली का, असे त्यांनी विचारले. सभागृहातील निम्म्याहून अधिक हात ‘नाही’च्या बाजूने वर गेले. (त्यांत माझाही होता, हे सांगायला हरकत नाही.) मग त्यांनी गटांचा आकार लिहिला. एकूण ६,७९९ बाळांपैकी ४,५३२ लसीच्या आणि २,२६७ प्लासिबोच्या गटात होती, म्हणजे लसीचा गट मुळातच जवळजवळ दुप्पट होता. प्रत्येक बाळावर जितका काळ लक्ष ठेवले गेले त्याची बेरीज केली, तर ती लसीच्या गटात ४,७५२ आणि प्लासिबोच्या गटात २,३६० बालवर्षे भरते. प्रसंगांना या काळाने भागून आम्ही साध्या कॅल्क्युलेटरवर दोन दर काढले, लसीच्या गटाच्या दराला प्लासिबोच्या दराने भागले आणि उत्तर १ मधून वजा केले, तेव्हा ५३.६ टक्के ही प्रसिद्ध झालेली परिणामकारकता आमच्याच वहीत उतरली. आयता आकडा पाठ करणे आणि तो स्वतः काढणे यांत किती अंतर आहे, हे त्या अर्ध्या तासात समजले.

दुपारचे सत्र कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीवर होते. ७७.८ टक्के परिणामकारकता म्हणजे लस घेतलेल्या शंभरांपैकी बावीस जणांना कोविड होणारच, असा समज २०२१ मध्ये आपल्याकडे सर्रास होता आणि तो केवळ रुग्णांपुरता नव्हता. प्रत्यक्षात लस घेतलेल्या ८,४७१ जणांपैकी २४, तर प्लासिबोच्या ८,५०२ जणांपैकी १०६ जण लक्षणांसह बाधित आढळले. ही टक्केवारी दोन गटांतील दरांची तुलना आहे. निव्वळ फरक पाहिला तर तो हजारी साडेनऊच्या आसपास येतो. मग खरा आकडा कोणता, या प्रश्नाला बाईंनी द्राक्षबागेचे उदाहरण दिले. अवकाळी पाऊस न झालेल्या वर्षी फवारलेल्या आणि न फवारलेल्या दोन्ही बागांत डाऊनी (केवडा रोग) फारशी दिसत नाही, म्हणून निव्वळ फरक किरकोळ भरतो. पावसाच्या वर्षी त्याच औषधाने तोच फरक मोठा होतो. निव्वळ फरक रोगाची साथ किती आहे यावर हलतो, तुलनेचा आकडा त्या मानाने स्थिर राहतो. द्राक्षबागांच्या तासगावकडून आलेल्या मंडळींना याहून अधिक स्पष्टीकरण लागले नाही.

कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे मूळ आकड्याभोवतीची अनिश्चिततेची मर्यादा, हा भागही चांगला झाला. याच चाचणीत तीव्र आजाराविरुद्धची परिणामकारकता ९३.४ टक्के आहे, परंतु तिची मर्यादा ५७.१ ते ९९.८ इतकी पसरलेली आहे, कारण तो निष्कर्ष लसीच्या गटातील एक आणि प्लासिबोच्या गटातील पंधरा अशा अवघ्या सोळा रुग्णांवर उभा आहे. डेल्टा प्रकाराविरुद्धच्या ६५.२ टक्क्यांची मर्यादा तर ३३.१ पासून सुरू होते. ठळक आकड्याआधी कंसात दिलेली ही मर्यादा वाचायची सवय मला या सत्राने लावली.

दुसरा दिवस मात्र उतरता गेला. पी व्हॅल्यूवरचे (लसीचा परिणामच नसता तर इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) व्याख्यान कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल असे होते आणि हाती दिलेली टिपणे संपूर्ण इंग्रजीत होती, त्यामुळे परिचारिका भगिनींची अडचण झाली. खरी नाराजी शेवटच्या सत्राबद्दल आहे. तेथील वक्त्यांनी फायझरचे ९५, कोव्हॅक्सिनचे ७७.८ आणि कोविशील्डमागील ऑक्सफर्ड लसीचे ७०.४ टक्के एकाच स्तंभालेखात शेजारी शेजारी उभे केले आणि क्रमवारी लावून टाकली. फायझरची मोजणी २०२० मधली, डेल्टा पसरण्यापूर्वीची आहे आणि ती दुसऱ्या मात्रेनंतर सातव्या दिवसापासून सुरू होते. कोव्हॅक्सिनची चौदाव्या दिवसापासून असून मे २०२१ पर्यंत, म्हणजे डेल्टाच्या लाटेत चालली होती. ऑक्सफर्डचा ७०.४ हा आकडा तर वेगवेगळ्या प्रमाणात मात्रा दिलेल्या दोन गटांचा एकत्रित निष्कर्ष आहे. एका गटात ६२.१, तर दुसऱ्यात ९०.० टक्के निष्कर्ष आला होता. एक दिवस आधी शिकवलेले सारे त्या एका चित्राने पुसले गेले आणि मी हरकत घेतली तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले.

अभिप्रायाच्या कागदावर मी पहिल्या दिवसाला पूर्ण गुण दिले, टिपणे मराठीत मागितली आणि तो स्तंभालेख काढून त्याजागी तिन्ही चाचण्यांच्या तारखा, मोजणीचा पहिला दिवस आणि मात्रांचे प्रमाण लावावे, असे लिहून दिले.