कड्यावर चढताना हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) रोप म्हणजे दोर बांधायचा तर एट की डबल बोलाइन?

टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या रोपवर, चढतो तोवर हा प्रश्न फारसा पडत नाही. कोर्समध्ये फिगर ऑफ एट शिकवलेली असते, तीच सगळे बांधतात: आधी रोपवर इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, मग टोक हार्नेसमधून ओवून तिच्याच मागावर परत. लीड, म्हणजे रोप खालून सोबत नेत चढणं, सुरू झालं की एखादा सीनियर डबल बोलाइन ही दुसरी गाठ बांधताना दिसतो. रूटवर पडून पडून खाली आला तरी त्याची गाठ चुटकीसरशी सुटते, आणि आपण बाजूला दातओठ खात एट सोडवत बसलेलो असतो. मी दोन्ही गाठींवर भरपूर चढलोय.

बोलाइनची बाजू खरंच भक्कम आहे. मुंब्र्याच्या कड्यावर ऊन तापलंय, हात घामेजलेत, एकाच मूव्हवर पुन्हापुन्हा पडून एट दगडासारखी आवळलीय. अशा वेळी नखं कामाला येत नाहीत. गाठीचे दोन्ही कान मागे मोडायचे, रोप आत ढकलत ढकलत एकेक वळसा ढिला करायचा. भिजलेल्या रोपवर तर विचारूच नका. झाडाला अँकर घ्यायचा, म्हणजे रोप पक्का बांधायचा असेल तेव्हाही बोलाइन सोयीची, कारण एटची पहिली गाठ कुठे मारायची याचा अंदाज आधीच बांधावा लागतो; तो हुकला की सोडा आणि पुन्हा बांधा. ताकदीचा वाद मी बाजूलाच ठेवतो. गाठीमुळे रोप थोडा कमजोर होतो तो दोन्हींत, पण हार्नेसपाशी खरी भीती रोप तुटण्याची नसतेच, गाठ सुटण्याची किंवा अर्धवट राहण्याची असते.

साधी, एका वळशाची बोलाइन मात्र टाय-इनसाठी, म्हणजे हार्नेसला रोप बांधायला, नकोच. ताण नसताना, विशेषतः नव्या कडक रोपवर, ती हलून हलून ढिली होते. म्हणून दुहेरी वळसा आणि वर योसेमिटी फिनिश, म्हणजे शेपूट फिरवून परत गाठीतून मुख्य रोपला समांतर बाहेर काढायचं. मुख्य गाठ आवळण्याआधीच शेपूट फिरवलं तर गाठीचा आकारच बिघडू शकतो.

माझं घोडं अडलं ते इथेच. मुंबईत दर रविवारी पार्टनर तोच असेल याची खात्री नसते. कुणाची शिफ्ट, कुणाच्या घरी पाहुणे. मुंब्रा स्टेशनवर जो उतरेल तो आपला बिलेयर, म्हणजे खालून रोप सांभाळणारा. एट बांधून मी उभा राहिलो, की नवखा मुलगाही वाकून बघतो, रोपच्या समांतर जोड्या मोजतो, पाच भरल्या की मान हलवतो. डबल बोलाइन बांधली की तोच मुलगा गाठीकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, "ठीक आहे ना, दादा?" तपासणी त्याने करायची, आणि उत्तर मी द्यायचं! चांगले चढणारेही बऱ्याचदा हेच करतात. त्यात फिनिशचे प्रकार दोन-चार, प्रत्येकाचा वेगळा.

१९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्सला लिन हिल वीसेक मीटरवरून खाली आली, कारण गाठ पूर्ण करायची राहून गेली होती. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. इतकी कसलेली क्लाइंबर! दुसऱ्याच्या नजरेला कळेल अशी गाठ मला म्हणूनच मोलाची वाटते.

तुमचा पार्टनर ठरलेला असेल, दोघांनाही डबल बोलाइन अंधारात ओळखता येत असेल आणि एखाद्या अवघड रूटवर दिवसभर पडायचं असेल, तर बोलाइन जरूर वापरा; मी अडवणार नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, एटवरच राहावं. सोडवण्याचा त्रास बराच कमी करता येतो. बांधताना दोन्ही पदर समांतर बसवा, एकमेकांवर चढू देऊ नका, मग चारही टोकं एकेक करून ओढा. वितीएवढं शेपूट ठेवा. अशी बसवलेली एट पडल्यावरही पुष्कळ लवकर सुटते.