आखाजीच्या रात्री कोणता लावायचा: 'स्पेशल २६' की 'लुटेरा'?

आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्यतृतीयेला, घर भरतं. लेकी माहेरी येतात, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, आणि रात्री ऊन उतरलं की गच्चीवर गाद्या पडतात. भिंतीला पांढरी चादर लावून पिक्चर बघायचा, हा आमच्याकडचा रिवाज. यंदा भाचीचा फोन आला, "मामा, दोन काढून ठेवलेत, कोणता लावू?" दोन्ही २०१३चे, दोन्ही जुन्या काळातल्या ठगांचे. पण दोघांची जात अगदी वेगळी आहे.

'स्पेशल २६' नीरज पांडेचा, १९८७ सालात घडणारा. अक्षयकुमार, अनुपम खेर आणि त्यांचे साथीदार खोटे सरकारी अधिकारी बनून धाडी घालतात. पहिलीच धाड दिल्लीत एका मंत्र्याच्या घरी. घरातून पैसा निघतो, आणि लुटला गेलेला माणूसच 'बभ्रा करू नका' म्हणतो. बेहिशेबी पैशाची तक्रार करणार कोणाकडे? साऱ्या पिक्चरची किल्ली इथेच आहे.

याच्या मुळाशी खरी घटना आहे. १९ मार्च १९८७ला मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या एका मोठ्या सराफी पेढीवर बनावट सीबीआय धाड पडली. धाडीला आलेली पोरंही फसलेलीच होती. पेपरातली नोकरीची जाहिरात वाचून ती मुलाखतीला गेली, निवडली गेली, आणि आपण खरोखर सरकारी कामावर निघालोय असं समजून बसमध्ये बसली. म्होरक्याने शुद्धता तपासायचे नमुने म्हणून दागिने पिशव्यांत भरून सील केले, पोरांना पहाऱ्यावर उभं केलं आणि निघून गेला. तो पुन्हा सापडलाच नाही.

आजची पोरं विचारतात, कोणी ओळखपत्र का नाही तपासलं? मी १९८६ पासून जळगावच्या सराफ बाजारात हिशेब लिहिलाय, म्हणून सांगतो. तेव्हा १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता, तो १९९० मध्ये रद्द झाला. आलेलं-गेलेलं सोनं वहीत चढलंच पाहिजे. चौकात सरकारी गाडी थांबली की कारागिराची फुंकणी थांबायची, गुलाबी कागदात गुंडाळलेली पाटली हातातच राहायची, आणि शेठ आधी वही उघडायचे. साहेबाला 'कार्ड दाखवा' म्हणायची छाती कोणाची होती? पिक्चरमध्ये ती भीती बरोबर पकडली आहे. मोबाइल नाही, फोन ताब्यात घेतला की दुकान जगापासून तुटलं.

मनोज बाजपेयीचा सीबीआय अधिकारी तर केवळ उत्तम. चौघांच्या टोळीत आपला किशोर कदम आहे, म्हणजे कवी सौमित्र. फार न बोलता तो लक्षात राहतो. खटकतं ते अक्षय आणि काजल अगरवालचं प्रेमप्रकरण. ते कथेला अडवतं. त्या गाण्यांच्या वेळी खाली जाऊन पाण्याचा माठ भरून आणावा, काही चुकत नाही.

'लुटेरा' विक्रमादित्य मोटवानेचा. १९५३चा बंगाल, जमीनदारी जायला आलेली. पुरातत्त्व खात्याचं पत्र घेऊन एक तरुण, रणवीर सिंग, हवेलीत येतो. जमीनदार त्याला घरात घेतो आणि मुलगी पाखी, म्हणजे सोनाक्षी सिन्हा, मनात. १९४८चा कूळकायदा आल्यावर आपल्याकडच्या वाड्यांमध्ये काय झालं, हे ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय, त्यांना त्या जमीनदाराचा चेहरा परका वाटणार नाही. एक प्रसंग माझ्या फार आवडीचा: हा गडी चित्रं काढतो म्हणून सांगतो, आणि त्याला झाडाचं साधं पान धड काढता येत नाही. शेवटी पाखीच त्याला शिकवते. लबाडी उघडी पडायला एवढी फट पुरते, पण तिला ती दिसत नाही, कारण तिला ती बघायचीच नाही.

उत्तरार्ध डलहौसीच्या बर्फात जातो आणि ओ. हेन्रीच्या एका प्रसिद्ध कथेच्या वळणाने चालतो. इथे वेग नाही, पकडापकडी थोडी. अमित त्रिवेदीचं संगीत मात्र अंगावर घ्यावं असं.

तर भाचीला मी सांगितलं, आखाजीच्या रात्री 'स्पेशल २६'च. पंधरा माणसं, मधेच रडणारी पोरं, कुरडयांची परात फिरतेय; तिथे 'लुटेरा'ची शांतता टिकणार नाही आणि त्याच्यावर अन्याय होईल. 'स्पेशल २६' मात्र गर्दीत जास्त रंगतो. मुलाखतींचा प्रसंग येईपर्यंत धाकट्यांना जागं ठेव, त्यांना तिथेच सगळ्यात जास्त मजा येईल. शेवट आधी पाहिलेल्यांकडून मात्र तोंड बंद ठेवायचं वचन घे.

आणि 'लुटेरा' ठेव सासरी परत जायच्या आदल्या रात्रीसाठी. तेव्हा घर रिकामं झालेलं असतं. गच्चीवर तू आणि तुझे वडील, दोघंच बसा.