वास्कोतला मराठी शास्त्रपाठ: बारा शनिवार, साडेतीन स्टार

आधीच सांगते, जागेचं आणि पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं, नाव मी मुद्दाम टाकलेलं नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि ती माणसं मला रोज बाजारात भेटतात. वास्कोत मराठी उपासनेला जाणारे आपण असे कितीसे, ज्याला कळायचं त्याला कळेलच.

तर जूनच्या पहिल्या शनिवारपासून बारा आठवडे शास्त्रपाठ, म्हणजे बायबल वाचायचा क्लास, होता. कागदावर सात ते साडेआठ, प्रत्यक्षात साडेनऊ. फी नाही, फक्त झेरॉक्स केलेल्या स्पायरल वहीचे १२० रुपये. मी नर्स आहे, शिफ्ट करून जायचे, दोन शनिवार चुकले, त्यामुळं हा रिव्ह्यू दहा शनिवारांचा आहे असं धरा. गोव्यात मराठी बायबलचा क्लास म्हटलं की इथल्या लोकांना जरा गंमत वाटते, इथं मिस्सा कोकणीत, बायबल कोकणीत आणि ते पण रोमी लिपीत. पण खरं बघायला गेलं तर बायबलमधल्या कथा मराठी ओवीत पहिल्यांदा आल्या त्या इथंच, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने रचलेल्या जवळजवळ अकरा हजार ओव्या १६१६ साली रायतूरला, म्हणजे राचोलला छापल्या, आणि देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून त्या पण रोमी लिपीतच. हे मी आमच्या घरमालकिणीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

असो. पद्धत सांगते, कारण मला जे आवडलं ते तेच.

मोबाईल बाहेरच्या टेबलावर ठेवायचा, कागदाचंच पवित्र शास्त्र आणायचं. उतारा दोनदा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसानं. मग तीन प्रश्न. इथं लिहिलंय काय? ज्यांना पहिल्यांदा हे लिहिलं त्यांनी यातून काय घेतलं असेल? आणि मी सोमवारपर्यंत काय करणार? तिसरा प्रश्न एकदम बेकार, कारण त्यात “मी अजून प्रार्थना करीन” किंवा “मी प्रेमानं वागीन” असलं उत्तर चालत नाही. कुणाशी, कधी, काय, ते पेन्सिलीनं लिहायचं, आणि पुढच्या शनिवारी वहीचं ते पान उघडून शेजारचा विचारणार, केलं का? समजलं का असं कोण विचारतच नाही. लहानपणापासून मिरजेत संडे स्कूलला जाते मी, पाठांतराची बक्षिसं घेतलीत, पण “केलं का” हा प्रश्न मला चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणी विचारला.

दुसरी गोष्ट म्हणजे वचन एकटं सोडत नाहीत. पहिल्याच दिवशी पाळकांनी सांगितलं की वचनांना हे जे आकडे आहेत ते पौलानं, म्हणजे ज्या प्रेषिताची पत्रं नव्या करारात आहेत त्यानं, घातलेले नाहीत, नव्या करारातले आपल्या ओळखीचे आकडे १५५१ साली एका छापखानेवाल्यानं घातले, रॉबेर एतिएन म्हणून. पौलानं लिहिलं ते पत्र, आणि पत्र आपण मधली एक ओळ फाडून वाचतो का? आमच्या सगळ्यांच्या घरी कॅलेंडरवर रोजचं एक वचन, सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलावर एक वचन, त्यामुळं हे ऐकून निम्मे लोक जरा खट्टू झाले.

त्यांचं सगळ्यात भारी उदाहरण तिसऱ्या शनिवारी आलं. यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन. हे वचन माहीत नाही असा ख्रिस्ती माणूस मला दाखवा. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, आशेचे आहेत, वगैरे, आमच्या तर लग्नपत्रिकेवर होतं. पाळक म्हणाले आता अकराव्यावरून उठा आणि एक अध्याय मागं जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा बाबेलला कैद करून नेलेल्या यहूदी लोकांबद्दल सांगतोय की दोन वर्षांत सगळे परत येणार, आणि यिर्मया एकोणतिसाव्यात त्याच बाबेलातल्या लोकांना पत्र लिहितो की दोन नाही, सत्तर. सत्तर वर्षं! तोवर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं त्यात तुमचं भलं. आणि मग अकरावं वचन. म्हणजे ज्यांना ते पहिल्यांदा ऐकवलं त्यातल्या पिकल्या केसांच्या लोकांना तर घर परत दिसणारच नव्हतं.

हॉलमध्ये एकदम शांत. कारण तिथं बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस दोन वर्षांसाठी म्हणून गोव्यात आलेला. सांगली, कोल्हापूर, सावंतवाडी, कुणी पोर्टवर, कुणी वेर्ण्याच्या कंपनीत. आम्ही पण दोन वर्षांसाठीच आलो होतो, त्याला अकरा वर्षं झाली, अजून आमची मोठी भांडी मिरजेला माळ्यावर बांधलेली आहेत. चिखलीला भाड्यानं राहतो, आणि अकरा वर्षांत मागच्या परसात मी कढीपत्त्याचं एक रोप लावलं नाही, आपलं काय इथं, गोंयकारांचं गाव, आपल्याला घाटी म्हणतात, कशाला लावायचं.

वहीत मी लिहिलं: मंगळवारी शेवग्याची फांदी लावणार. हसू नका. सोमवारपर्यंत हवं होतं पण सोमवारी डबल ड्युटी होती. मंगळवारी पावसात हातभर फांदी खुपसली तर घरमालकीण खिडकीतून, “हांगा कित्याक लायता गो?” मी म्हणलं, बाय, शेंगा आल्या तर निम्म्या तुमच्या. ती बाहेर आली, फांदी उपटली आणि दोन हात लांब नेऊन लावली, म्हणाली तिथं पावसाचं पाणी साचतं, कुजली असती. अकरा वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं. १५ ऑगस्टला तिच्याकडून हळदीच्या पानातल्या पातोळ्या आल्या, दरवर्षीच येतात, मी दरवर्षी ताट धुऊन रिकामं परत करायचे. या वेळी पुरणपोळी घालून दिलं. फांदीला आता कोंब आलेत, शेंगांचं पुढचं पुढं.

सगळ्यांचंच असं गोड झालं असं नाही हं. एक ठेकेदार काका होते, मजुरांचा एक आठवड्याचा पगार कायम मागं ठेवायचे, पळून जाऊ नयेत म्हणून, सगळेच ठेवतात म्हणे. याकोब ५:४ आलं, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत जातो. काका कान लाल होईपर्यंत गप्प. सोमवारी त्यांनी सगळ्यांची बाकी चुकती केली, आणि मंगळवारी दोन मजूर गावी निघून गेले! पुढच्या शनिवारी काकांनी हे जसंच्या तसं सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो, ते पण हसले, पण परत मागं ठेवणार का यावर त्यांनी काही उत्तर दिलं नाही.

माझं पण एक फसलं. मत्तय ५:२३-२४, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. सासऱ्यांच्या हॉस्पिटलच्या बिलावरून माझ्या जावेशी तीन वर्षं बोलणं बंद. फोन केला. ती म्हणाली, “आत्ता आठवण झाली होय?” आणि कट. मी वहीत तेवढंच लिहिलं. शेजारच्या ताईनं वाचलं, “बरं, पुढच्या आठवड्यात परत,” एवढंच म्हणाली, प्रवचन नाही, बिचारी कुठं चुकलीस वगैरे नाही. हे मला खूप आवडलं.

आता दीड स्टार कुठं गेला ते.

अर्धा वहीसाठी. वहीचं मराठी म्हणजे कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकाचं मशीननं केल्यासारखं, “अवलोकन”, “लागूकरण”, “वैयक्तिक प्रतिसाद बिंदू”. पाळक तोंडानं इतकं साधं बोलतात आणि वही उघडली की सरकारी फॉर्म. पंडिता रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि आपण अजून लागूकरण करतोय.

पाव स्टार खुर्च्यांसाठी. हॉलमध्ये दोनच पंखे. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायावर आलो त्या दिवशी, सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा आणि गरिबाला म्हणायचं तू तिथं उभा राहा, बरोबर त्याच दिवशी कारमधून आलेल्या एका साहेबांना पंख्याखालची खुर्ची रिकामी करून दिली आणि ती रिकामी केली आमच्यातल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशीनं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी बोलले तेव्हा सगळे हसले, साहेब मात्र उठले, हे त्यांच्या बाजूनं लिहिते. आणि लहान मुलांची काही सोय नाही, त्यामुळं तान्ही मुलं असलेल्या आया तिसऱ्या शनिवारनंतर दिसल्याच नाहीत, त्यांचे नवरे मात्र बाराच्या बारा आले. वर सुटायला साडेनऊ, तेवढ्यात आमच्या बाजूची बस गेलेली, मग भर पावसात पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, शोधा.

उरलेला पाऊण स्टार एका प्रसंगासाठी, आणि हा प्रसंग नसता तर मी सव्वाचार दिले असते. नववा शनिवार, मत्तय अठरा, साताच्या सत्तर वेळा क्षमा. एक बाई, नवी होती, खाली मान घालून म्हणाली की नवरा दारू पिऊन मारतो, ती महिनाभर बहिणीकडं राहतेय, तर तिनं काय लिहायचं वहीत. गटातले एक ज्येष्ठ लगेच म्हणाले, क्षमा कर आणि घरी जा, सोमवारपर्यंत. आणि पाळक गप्प बसले! ज्यांनी नऊ आठवडे आम्हाला मागचं पुढचं वाचा म्हणून सांगितलं ते. अहो त्याच अध्यायात सहा वचनं वर काय लिहिलंय? भावानं अपराध केला तर त्याला त्याचा अपराध दाखव, नाही ऐकलं तर दोन साक्षीदार ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढं ठेव, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज. क्षमेचा अर्थ परत मार खायला जा असा त्या पानावर कुठंच नाही. मी कॅज्युअल्टीत अशा बायका बघते, त्या बहुतेक आधी कुणाच्यातरी सल्ल्यानं घरी गेलेल्या असतात.

मी आणि माझी वही वाचणारी ती शेजारची ताई, आम्ही दोघींनी तिला जिन्यात गाठलं आणि तिच्या वहीत पंधरावं ते सतरावं वचन लिहून दिलं, आणि खाली १८१, महिला हेल्पलाईनचा नंबर. ती बहिणीकडंच गेली. पुढच्या शनिवारी मी पाळकांना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, “माझं चुकलं, त्याच वेळी बोलायला हवं होतं,” म्हणाले आणि क्लास सुरू करताना सगळ्यांसमोर तो उतारा पंधराव्या वचनापासून परत वाचायला लावला. त्या ज्येष्ठांनाच वाचायला लावला. ती बाई मात्र त्या दिवशी आलेली नव्हती.

डिसेंबरच्या आधी दुसरी बॅच आहे असं ऐकलंय. जाणार असाल तर मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र न्या, हॉलचा उजेड कमी आहे, पेन नको पेन्सिल न्या कारण वहीत लिहिलेलं खोडावं लागतं, आणि नऊला दहा कमी असताना चपला घालून दारात उभं राहा. मी परत जाणार आहे, जावेला तिसरा फोन करायचा बाकी आहे.