सिंगल फेजचं छोटं मिग वेल्डिंग मशीन: उन्हाळा, पावसाळा आणि सुगी काढल्यावर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, गोठ्याचं छप्पर, पॉवर टिलरच्या दुरुस्त्या, मळणी मशीनचे फाटलेले पत्रे अशी कामं येतात. इतकी वर्षं सगळं वेल्डिंगच्या कांडीवर (इलेक्ट्रोडवर) चालायचं. गेल्या उन्हाळ्यात २०० अँपिअरचं, सिंगल फेजवर चालणारं, आपोआप वायर सोडणारं इन्व्हर्टर मिग मशीन घेतलं. आपल्या हवेत ते सगळ्या ऋतूंत वापरून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून एवढा उशीर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या मशीनांत फरक आहेत, पण काम चांगलं होणार की बिघडणार हे जास्त करून मशीन कसं बसवलंय यावर ठरतं आणि मला त्याबद्दलच सांगायचंय.

दीड-दोन मिलिमीटरच्या चौकोनी पाइपला आता मी कांडी लावत नाही. भोक पडायची भीती गेली, स्लॅग (जोडावर जमणारी खपली) ठोकत बसायचा वेळ वाचला, नवा पोरगा आठवड्याभरात बरी ओळ मारायला लागला. पण याच सोपेपणात धोका आहे. कांडीचा जोड बिघडला तर बहुतेक वेळा दिसतो. मिगचा जोड वरून देखणा असतो आणि आत लोखंडाला धरलेलाच नसतो, असं होऊ शकतं.

आधी लाइनचं बघा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १०० अँपिअरपर्यंतचं वेल्डिंग होतं. त्याच्या वर जायचं तर बोर्डापासून वेगळी लाइन हवी. आम्ही ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकून घेतली. अंतर जास्त असेल तर ६ ची टाका. घरातली पातळ एक्स्टेंशन गुंडाळीसकट लावली तर ती तापते आणि मशीनपर्यंत व्होल्टेजही पोचत नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं तेव्हा आर्क (वायर आणि लोखंडामधली ठिणगी) मंद होतो, वायर नुसती ठोसे मारते. शेडमध्ये व्होल्टमीटर लावलाय, १९० च्या खाली काटा गेला की मी मिग बंद करून कटिंगचं काम घेतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या वस्तूला, मशीनच्या दुसऱ्या केबलचा चिमटा लावला म्हणजे मशीनला अर्थिंग झालं असं नाही. बॉडीचं अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीपर्यंत जायला हवं. ते वायरमनकडून तपासून घ्या आणि तेव्हाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

आता वायर. बिघाडाच्या दहातल्या आठ तक्रारी वायरच्या वाटेवरच्या असतात असं माझं मत झालंय. स्पूल (वायरचं रीळ) बसवताना वायरचं टोक हातातून सोडू नका, सगळं वेटोळं स्प्रिंगसारखं उसळतं. टोकाचा वाकडा तुकडा कापून कानशीनं जरा गोल करा, नाहीतर ते लायनरला (गनच्या केबलमधली वायर जायची नळी) आतून ओरबाडतं. वायर पुढं ढकलणाऱ्या रोलवरची खाच वायरच्या मापाची हवी, ०.८ ला ०.८ चीच. भरीव वायरला (हिच्या जोडाला हवेपासून झाकायला गॅस लागतो) व्ही आकाराची गुळगुळीत खाच आणि बिनगॅसच्या फ्लक्स वायरला दातेरी खाच. फ्लक्स वायर आतून पोकळ असते, तिच्यात पावडर भरलेली असते. गुळगुळीत रोलवर ती घसरते, मग माणूस स्क्रू आवळत जातो आणि वायर चेपते. चेपलेली वायर गनच्या तोंडाशी असलेल्या टिपमध्ये अडकली की रोलपाशी गुंता होतोच.

दाब किती ठेवायचा? टिप आणि नोझल काढून, गनची केबल सरळ ठेवून आधी वायर बाहेर काढा. मग टिप लावून, हातमोजा घालून, गन लाकडाच्या ठोकळ्यावर दोन-तीन इंचांवरून तिरकी धरा आणि वायर सोडा. लाकडाला टेकल्यावर वायर वळून बाहेर येत राहिली तर दाब बरोबर. तिथंच थांबून रोल घसरायला लागला तर जरासा आवळा. स्पूलच्या ब्रेकचंही तसंच. बटण सोडल्यावर स्पूल लगेच थांबावा, पण हातानं फिरवताना जड लागू नये. वायर सोडताना गनच्या तोंडात डोकावून बघायचं नाही आणि गन कुणाच्या अंगाकडं धरायची नाही. ही वायर सुईसारखी शिरते. बटण दाबलेलं असताना तिच्यात करंटही असतो, म्हणून ही चाचणी करताना चिमटा जॉबवरून काढून ठेवा.

पोलॅरिटी हा भाग दुकानदार बहुधा सांगत नाही. गॅसवरच्या भरीव वायरला, म्हणजे ईआर ७०एस-६ ला, गन प्लसवर आणि चिमटा मायनसवर. बिनगॅसच्या ई७१टी-जीएस वायरला नेमकं उलट: गन मायनसवर, चिमटा प्लसवर. बरीच मशीनं गॅसच्या जोडणीतच हातात येतात. फ्लक्स वायर तशीच चालवली तर ठिणग्यांचा पाऊस पडतो, ओळ पत्र्यावर दोरीसारखी उभी राहते आणि माणूस म्हणतो, मशीनच खराब. बेळगावच्या उद्यमबागेत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये असंच एक मशीन परत द्यायला बांधून ठेवलं होतं. दोन केबलींची अदलाबदल केली, मशीन आजही तिथं चालू आहे.

गॅस घ्यायचा की नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. शेडच्या आत, भिंतीच्या आडोशाला गॅसचं काम स्वच्छ येतं. मिनिटाला १० ते १५ लिटर पुरे. सीओटूचा रेग्युलेटर हीटरवालाच घ्या, नाहीतर सलग कामात तो गारठून बर्फ धरतो आणि गॅस कमी-जास्त येतो. सिलिंडर उभा आणि साखळीनं बांधलेला. पण आमचं निम्मं काम शेतात आणि अंगणात असतं. जांबोटीकडून वारा सुटला की गॅस उडून जातो आणि जोडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागतात. अशी भोकं वरून दुसरी ओळ मारून झाकू नका, ग्राइंडरनं काढून परत वेल्ड करा. उघड्यावरच्या कामाला मी फ्लक्स वायरच वापरतो. धूर जास्त, स्लॅग काढावा लागतो, पण वाऱ्यात जोड टिकतो. ती वापरताना टिपपासून वायर १५ ते २० मिलिमीटर बाहेर ठेवा आणि गन मागं ओढत न्या. गॅसवर १० मिलिमीटरच्या आसपास पुरतं.

सेटिंगला सुरुवात म्हणून जाडीच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर धरा. २ मिलिमीटरला ८० च्या आसपास, ३ ला १२० पर्यंत. वायरचा वेग वाढवला की करंट वाढतो, व्होल्टेज वाढवलं की आर्क लांब होतो आणि ओळ पसरते. पुढचं काम कानाचं. भजी तळताना येतो तसा एकसारखा चर्र आवाज आला की जुळलं. वायर हाताला मागं ढकलत फाट-फाट वाजत असेल तर वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी. टोकाला गोळा होऊन वायर टिपला चिकटत असेल तर वेग कमी. त्याच मापाच्या भंगार तुकड्यावर जुळवा, गिऱ्हाइकाच्या गेटवर नको.

आणि तुकड्यावर ओळ मारून नुसतं बघू नका, मोडून बघा. एका पट्टीवर दुसरी उभी ठेवून एकाच बाजूनं वेल्ड करा, गार झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं वेल्डच्या बाजूला पाडा. जोड चांगला असेल तर उभी पट्टी वाकते किंवा वेल्ड मधून फाटतो आणि फाटलेली जागा खरबरीत राखाडी दिसते. खोटा जोड सालीसारखा उचलून येतो आणि खाली पट्टी चक्क गुळगुळीत असते, ग्राइंडरच्या रेघासुद्धा जशाच्या तशा. आमच्या पोराला मी पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा तो ती पट्टी बराच वेळ बोटानं चाचपत बसला होता. एवढी सुबक ओळ त्यानंच मारलेली होती. तेव्हापासून नवीन माप आलं की तो स्वतःच तुकडा मोडून बघतो.

म्हणूनच ट्रॉलीचा हूक, दांडा, अॅक्सल ही कामं मी या मशीनवर घेत नाही. उसाच्या हंगामात माणसं घाईत येतात. "अण्णा, एक टाका मारून दे की, कारखान्याला नंबर लागलाय." टाका मारायला दोन मिनिटं लागतात. पण भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय होईल, हे त्या माणसाला तोंडावर सांगतो आणि जाड मालाची सोय असलेल्या वर्कशॉपला पाठवतो. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. पॉवर टिलर किंवा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची मायनस वायर आधी काढा आणि चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगला डाग पडतात.

पावसाळ्यानं मशीनची खरी परीक्षा घेतली. आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. तांब्याचा मुलामा असला तरी उघड्या स्पूलवर गंज धरतो, तो लायनरमध्ये साचतो आणि वायर झटके देत येते. फ्लक्स वायरमधली पावडर ओल धरते ती वेगळीच. रोज संध्याकाळी स्पूल काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. लायनर अधूनमधून हवेनं फुंकतो. ओल्या फरशीवर उभं राहायचं नाही, पायाखाली कोरडी फळी हवीच, आणि भिजलेले हातमोजे बदलायचे. मशीनचं रिकामं व्होल्टेज ५०-६० च्या घरात असतं. कोरड्या माणसाला ते विशेष जाणवत नाही, घामानं किंवा पावसानं भिजलेल्याला ते घातक ठरू शकतं.

उन्हाळ्यात त्रास गरमीचा. मशीनवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. मशीन तापून पिवळा दिवा लागला तर मशीन बंद करू नका, पंखा फिरू द्या. ग्राइंडरची धूळ लोखंडाची असते, ती आत सर्किटवर बसली की मशीन जातं. म्हणून ग्राइंडिंग लांब करा आणि मशीन साफ करताना प्लग काढून थोडा वेळ थांबा.

डोळ्यांबाबत आमच्याकडं फार बेफिकिरी आहे. टॅक (छोटा टाका) मारताना नुसतं तोंड फिरवणारे जुने कारागीर आजही दिसतात. आर्कचा त्रास लगेच कळत नाही. रात्री झोपेत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या फोडी ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. आर्क लागताच काच आपोआप काळी होणारं ऑटो हेल्मेट घ्या, १०० ते १५० अँपिअरला १० किंवा ११ नंबरची छटा ठेवा. बाजूला बघत उभ्या राहणाऱ्या पोरांना हाकला, रस्त्याकडच्या बाजूला ताडपत्री लावा. कपडे जाड सुती. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं.

गोठ्यासाठी जीआय पाइप मागतात. त्यावरचा जस्ताचा थर जळाला की पांढरा धूर निघतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध-गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, हा समज खोटा आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर आधी घासून काढा, वारा येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे धूर तोंडावर येत नाही, हेल्मेटच्या आत बसणारा एन-९५ मास्क लावा. ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका. त्यातल्या काहींत क्लोरीनचं द्रावण असतं आणि आर्कमध्ये त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. डिझेलची टाकी, ऑइलचं बॅरल रिकामं दिसलं तरी हात लावत नाही. आतली वाफ पुरेशी असते. सुगीच्या दिवसांत अंगणात पिंजराची (पेंढ्याची) गंजी असते, तेव्हा पाण्याची बादली भरून ठेवतो आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी तिथून हलत नाही. पिंजर आत धुमसत राहतं, ज्वाळा नंतर दिसते.

सुटे भाग मशीनबरोबरच घ्या: ०.८ च्या दहा-बारा टिप, दोन नोझल, दोन्ही प्रकारचे रोल, एक लायनर. खानापूर रोडवर उद्यमबागेत हे मिळतं, पण गनचे प्रकार वेगळे असतात आणि टिपची आटी जुळत नाही. जुनी टिप आणि नोझल खिशात घालूनच दुकानात जा.